झाकणे आणि फसवणे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. हे वाक्य लिहिताना आजही थोडे अडखळायला होते, कारण त्या वेळी तिचे वय 54 होते. नवरा वारून नऊ वर्षे झाली होती, मुलीचे लग्न होऊन तीन. नगरपालिकेच्या शाळेतली तिची नोकरी अजून चार वर्षे शिल्लक होती. ओळखीतून एक स्थळ आले. गृहस्थ 61 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचीही पत्नी वारलेली. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी ठरवले की रविवारी दुपारी चहाला यावे, एकमेकांना पाहावे, चार शब्द बोलावेत.

शुक्रवारी संध्याकाळी भाची पुण्याहून आली. येताना मेकअपची पिशवी घेऊन आली. तिने आईला ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसवले आणि स्वतःला लावते तसे, तेवढेच फाउंडेशन तिच्या चेहऱ्याला लावले. वरून पावडर दाबली. पाच-दहा मिनिटे सगळे छान दिसले. मग कशावरून तरी बहीण हसली. हसणे ओसरले, पण हसण्याच्या रेषा चेहऱ्यावर तशाच राहिल्या. डोळ्यांखाली, नाकापासून ओठांपर्यंत, वरच्या ओठाच्या कडेला, जिथे जिथे त्वचा मोडते तिथे तिथे तो रंग उतरून बसला होता. उन्हाळ्यात तळ्याचा तळ फुटतो, तसे काहीसे दिसत होते. अम्मी पलंगावर तसबीह घेऊन बसली होती. तिने चष्मा वर केला, लेकीकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "आटा लगायी क्या गे मूं कू?"

आम्ही सगळ्या हसलो. बहीण हसली नाही. ती उठून मोरीत गेली, तोंड धुऊन आली आणि टॉवेल हातात तसाच धरून मला म्हणाली, "आपा, खरं सांग. हे लावणं म्हणजे त्या माणसाला फसवणं आहे का? तो मला बघायला येतोय. मी त्याला दुसरीच कुणी दाखवली तर?"

मी 33 वर्षे मुलांना मराठी शिकवले. व्याकरणाचा प्रश्न असता तर लगेच उत्तर दिले असते. या प्रश्नाचे उत्तर त्या संध्याकाळी मला देता आले नाही. तेव्हापासून तो मनात घोळतो आहे. वरवर पाहता प्रश्न ट्यूबमधल्या रंगाचा आहे; पण थोडे खाली उतरले की तो खरेपणाचा आहे, आणि आपण एकमेकांच्या चेहऱ्यांकडे काय म्हणून पाहतो याचाही आहे.

आधी त्या रंगाचेच पाहू. फाउंडेशन म्हणजे पाणी, तेल किंवा सिलिकॉन यांत खललेली रंगाची भुकटी. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, तांबडा, काळा हे रंग बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडचे. अंगणातल्या गेरूला तांबडा रंग येतो तो याच लोहामुळे. म्हणजे कितीही महाग बाटली घेतली तरी आत आहे ती एका अर्थी मातीच. तिचा आजचा अवतार सिनेमाने घडवला. 1930च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स फॅक्टर यांनी रंगीत चित्रपटांसाठी पॅन-केक तयार केला, कारण झगझगीत दिव्यांखाली, कॅमेऱ्यासमोर चेहरा एकसारखा दिसायला हवा होता. तिथून तो नाटकांच्या रंगपटांत आला आणि घरोघरच्या आरशांपुढेही. पण पडद्यावरचा चेहरा लांबून पाहायचा असतो. चहाचा ट्रे मध्ये ठेवून चार हातांवर बसलेल्या माणसाने पाहायचा चेहरा वेगळा.

आणि पन्नाशी ओलांडलेली त्वचाही वेगळी. पाळी थांबली की शरीरातले इस्ट्रोजन घटते. त्याबरोबर त्वचेला आतून धरून ठेवणारे कोलॅजेन झपाट्याने कमी होते; पहिल्या पाच वर्षांत त्याचा सुमारे 30 टक्के भाग जातो, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. तेलग्रंथी मंदावतात. त्वचा पातळ होते, कोरडी पडते, वरच्या थरातल्या मृत पेशी झडून जायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात. अशा त्वचेवर जाड थर दिला की त्यातले पाणी उडून जाते आणि भुकटी कोरड्या पापुद्र्यांना चिकटते, सुरकुत्यांत साचते. तिच्यावर आणखी पावडर टाकली की उरलासुरला ओलावाही जातो. म्हणून या वयात एक उलटा नियम लागू होतो: जितके जास्त झाकावे, तितके जास्त उघडे पडते.

हा नियम केवळ त्वचेचा आहे असे मला वाटत नाही. पण ते पुढे.

बहिणीच्या प्रश्नाकडे वळू. निकाहपूर्वी एकमेकांना पाहून घ्यावे, ही आपल्याकडची शिकवणच आहे. आणि पाहायचे म्हटले तर जे दिसेल ते खरे असावे, ही अपेक्षा ओघानेच येते. बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. रसूलुल्लाहांनी (स.) ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले तरी असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. हे माप लावले तर फाउंडेशन म्हणजे ओल्या ढिगावर पसरलेले कोरडे दाणे. अम्मीचा रोख तोच असावा.

पण थोडा विचार केला की हे माप नेमके बसत नाही. पहिली गोष्ट, चेहरा हा माल नव्हे. निकाह हा दोन माणसांमधला करार आहे. त्यात एक गिऱ्हाईक आणि एक ढीग नसतो. दुसरी गोष्ट, ओल हा धान्याचा दोष आहे, तिने धान्य कुजते. वय हा माणसाचा दोष आहे का? सुरकुतीने बाई कुजत नाही. दोष लपवणे आणि दोष नसलेली गोष्ट झाकणे यांत फरक केलाच पाहिजे. त्या गृहस्थांना काय कळण्याचा हक्क होता? वय, आजार, मुलेबाळे, देणे-घेणे. ते सगळे बहिणीने आधीच कळवले होते. जन्मतारखेसह, रक्तदाबाच्या गोळीसह.

इथे थांबले असते तर बहिणीला "बिनधास्त लाव" म्हणून मी मोकळी झाले असते. पण स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागला. सगळे खरे सांगून झाले आहे, तर मग लावायचे कशाला? उत्तर अवघड आहे, पण ते द्यायला हवे. आपल्याला ठाऊक असते की कानाने ऐकलेल्या आकड्यापेक्षा डोळ्याने पाहिलेला चेहरा माणूस जास्त मानतो. कानाला 54 सांगायचे आणि डोळ्याला 48 दाखवायचे, अशी ती छुपी आशा असते. शिवाय फाउंडेशनची एक खोड आहे. सुरमा, मेंदी, लिपस्टिक ही प्रसाधने स्वतःला दाखवतात. मेंदी लावलेला हात "मी असाच जन्माला आलो" असे म्हणत नाही. फाउंडेशन मात्र उत्तम लागले असे तेव्हाच म्हणतात, जेव्हा ते लावले आहे हे कळत नाही. शृंगार करायचा आणि शृंगार केलाच नाही असे दाखवायचे. बहिणीला नेमके हेच टोचत होते. तिचा प्रश्न भाबडा नव्हता.

या टोचणीवर मला वाट सापडली ती केसांच्या रंगाच्या जुन्या चर्चेत. मक्का विजयाच्या दिवशी, सन 630 मध्ये, हजरत अबू बक्र यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना रसूलुल्लाहांसमोर (स.) आणले गेले. त्यांचे केस आणि दाढी शुभ्र झाली होती. हे बदला, असे पैगंबरांनी सांगितले. पण काळा रंग टाळा, असेही सांगितले. पुढे काळ्या रंगाबाबत उलमांमध्ये मतभेद झाले, काहींनी तोही चालवून घेतला. पण त्या सांगण्यातला तोल मला फार मोलाचा वाटतो. म्हाताऱ्या माणसाला "आता तुला काय करायचे आहे नटून" असे कुणी म्हटले नाही. उलट, बदला असे सांगितले. फक्त म्हातारपण नाकारणारा बदल करू नका, एवढेच. मेंदीने लालसर झालेली दाढी कुणालाच फसवत नाही. खाली पांढरे केस आहेत, हे तो रंगच सांगतो.

याच विषयावर इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये एक प्रसंग दिला आहे. हजरत उमर यांच्या काळात एका माणसाने केस काळे करून लग्न केले. पुढे रंग उतरला, पांढरे केस दिसू लागले. बायकोच्या घरच्यांनी तक्रार नेली, आणि उमर यांनी त्या माणसाला शिक्षा करून ते लग्न मोडले. तारुण्य दाखवून त्याने लोकांना फसवले होते. हा प्रसंग वाचताना मी थबकले. रंग लावून लग्नात फसवणूक केल्याचे हे उदाहरण पुरुषाचे आहे. आपण मात्र हा प्रश्न विचारतो तो नेहमी बाईलाच.

रविवारी आलेल्या गृहस्थांचे केस कोळशासारखे काळे होते, मिशीही. आमच्या घरात त्यावर कुणी अवाक्षर काढले नाही. अम्मी उलट म्हणाली, "टिकून आहेत." आणि बहिणीने तोंडाला हरभऱ्याएवढा रंग लावावा की नाही, यावर दोन दिवस खल झाला होता.

तर मग रेष कुठे ओढायची? मला वाटते, बदल आणि दावा या दोहोंच्या मधून. साडीला इस्त्री केल्याने ती नवी असल्याचा दावा होत नाही. चुरगळलेली नेसली नाही, एवढेच. रात्रीची अपुरी झोप, गालांवरचे वांगाचे डाग, नाकाच्या कडेचा लालसरपणा हे थोडे सौम्य करणे ही इस्त्री झाली. त्यात पाहुण्याचा मानही आहे. पण वयाच्या सगळ्या खुणा पुसायला निघाले की दावा सुरू होतो, आणि तो दावा त्वचा स्वतःच फेटाळते. वर सांगितलेला उलटा नियम तो हाच.

दुसरा दावा रंगाचा. माझ्या मते फाउंडेशनमधले खरे खोटे वयाबद्दल नसते, रंगाबद्दल असते. आपल्याकडे किती बायका आपल्यापेक्षा दोन छटा उजळ बाटली घेतात! दुकानदारही "गोरं दिसेल" म्हणून तीच पुढे करतो. मग चेहरा राखाडी, गळा सावळा आणि हात तिसऱ्याच रंगाचे. 2020 साली 'फेअर अँड लव्हली'ने आपल्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातले; आपल्या मनातले नाव मात्र बदललेले नाही. उजळ बाटली घेणारी बाई दुसऱ्याला फसवण्याआधी स्वतःला सांगत असते की माझा आहे तो रंग चालणार नाही. हे खोटे मोठे आहे, आणि ते तिला आपणच शिकवले आहे.

शनिवारी मी, बहीण आणि भाची बाजारात गेलो. भाचीची बाटली चोवीस तास टिकणारी होती, पाण्यानेही न जाणारी. ती बाजूला ठेवली. दुकानदाराकडून तीन छटा घेऊन त्या बहिणीच्या जबड्याच्या कडेला, जिथे गाल संपून गळा सुरू होतो तिथे, बोटभर ओढल्या आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन पाहिल्या. दोन पट्टे दिसत राहिले. तिसरा दिसेनासा झाला. तोच तिचा रंग. तो भाचीच्या रंगापेक्षा बराच सावळा होता. बहीण त्या बाटलीकडे क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी ही आहे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

रविवारी भाचीने घाई केली नाही. तोंड धुऊन, पुसून, आधी मॉइश्चरायझर लावले आणि ते मुरायला दहा मिनिटे दिली. तेवढ्यात चहा झाला. या वेळी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली. फाउंडेशन हातावर घेतले ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे. ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजने ते नाकाच्या कडेला, हनुवटीवर आणि वांगाच्या डागांवर टिपले, घासले नाही, आणि बाहेरच्या बाजूला विरळ करत नेले. डोळ्यांच्या कडेला, जिथे सुरकुत्या जास्त, तिथे जवळजवळ काही नाही. मग तिने आईला हसायला सांगितले आणि रेषेत जे साचले ते बोटाच्या टोकाने टिपून घेतले. पावडर फक्त नाकावर. झाले. अम्मीने पाहिले आणि काही बोलली नाही. आमच्या घरात ही पसंतीची खूण आहे.

पाहुणे चारला आले. पाहुणे, त्यांची बहीण, मेहुणे. चहा झाला, बोलणे चांगले चालले होते. तेवढ्यात असरची अजान झाली. पुरुष मंडळी जवळच्या मशिदीत गेली, बायका आतल्या खोलीत. बहीण वुजूला उठली आणि नळापाशी थांबली. मला ते कळले. मेंदीचा नुसता रंग उरतो, पाणी त्वचेपर्यंत पोहोचते. पण पाणी अडवणारा थर असेल तर तो काढूनच वुजू करावा लागतो, हे तिला माहीत होते. तिने तोंड नीट धुतले. नमाज झाल्यावर भाची स्पंज घेऊन दारात उभी राहिली. पुरुष परत येत होते. बहिणीने मान हलवली आणि ओढणी सारखी करून तशीच बाहेर गेली.

कुणाच्या काही लक्षात आले नाही. मघाचा चेहरा आणि आताचा चेहरा यांत एवढा फरकच नव्हता की कुणी पाहून दचकावे. मला वाटते, माझे उत्तर मला तिथे मिळाले. जो शृंगार धुतल्यावर समोरच्याला आपण फसलो असे वाटत नाही, तो खोटा नव्हे. आणि जिला दिवसातून पाच वेळा तोंड धुवायचे आहे, ती आपला खरा चेहरा विसरू शकत नाही. वुजूमागे हा हेतू आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याने एवढे घडते खरे.

एक गोष्ट राहिली. चांगले कपडे, चांगले जोडे आवडणे हा गर्व आहे का, या प्रश्नावर पैगंबरांचे (स.) उत्तर आपल्याला माहीत आहे: अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे, गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे. आपण या उत्तराचा पहिला अर्धा भाग बायकांना ऐकवतो: वयाचे सत्य नाकारू नका. दुसरा अर्धा भाग मात्र स्वतः ऐकत नाही. "या वयात हे काय?" असे म्हणून लावणाऱ्या बाईला हसणे आणि "किती थकलीस गं!" असे म्हणून न लावणाऱ्या बाईला खजील करणे, हे दोन्ही तुच्छ लेखणेच आहे. चाळिशीनंतरची बाई या दोन वाक्यांच्या मधल्या बोळातून चालत असते. पुरुषाच्या पांढऱ्या केसांना आपण अनुभव म्हणतो, त्याने ते काळे केले तर टापटीप. बाईच्या बाबतीत तेच अनुक्रमे दुर्लक्ष आणि नखरा. आरशासमोर बसलेल्या बाईला खरे-खोटे विचारण्याआधी, तिला तिथे बसवणाऱ्या आपल्या नजरेला ते विचारायला हवे.

ते लग्न जमले नाही. चेहऱ्यामुळे नाही. आठवडाभराने निरोप आला की बहिणीने नोकरी सोडून गावाकडे त्यांच्या वृद्ध आईजवळ राहावे. चार वर्षांची नोकरी आणि पुढचे निवृत्तिवेतन पाण्यात सोडायला ती तयार झाली नाही. तिने स्वतःच नकार कळवला. वय सांगून झाले होते, आजार सांगून झाला होता, चेहराही धुऊन दाखवून झाला होता. ही अट मात्र समोरून शेवटी आली. झाकणे किती प्रकारचे असते, ते तेव्हा ध्यानात आले.

ती बाटली अजून तिच्या कपाटात आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, ईदला, कुणाच्या लग्नाला ती हरभऱ्याएवढे घेते, खिडकीकडे तोंड करून लावते. परवा तिला विचारले, आता कुणी पाहायला येत नाही, तरी का लावतेस? ती म्हणाली, "आपा, तेव्हाही मी स्वतःला आधी बघून घेतलं होतं."